काचेवर टेकवलेला व्हर्नियर

माझ्या मेहुण्याला कारखान्यात सगळे मायक्रॉन म्हणत. केसाच्या जाडीएवढा फरकही त्याला खपत नसे. अठ्ठावीस वर्षं लेथवर काढली. निवृत्त झाला आणि आता अवकाशयानं बांधतो. खरी नव्हेत, कॉम्प्युटरवरच्या एका खेळातली. कुठकुठचे लोक त्यात एकाच वेळी खेळतात. कोणी लढतो, कोणी माल वाहतो. हा त्यांना यानं बांधून विकतो. तिथल्या बाजारात त्याचा गाळा होता. गाळ्यावर पाटी: ‘दोन्ही बाजू हाताने घडवलेल्या.’

इथंच माझं डोकं फिरतं. खेळात एक बटण आहे. डावा पंख बांधा, बटण दाबा, तसाच्या तसा उजवा तयार. बाकीचे कारागीर दिवसाला दोन यानं काढतात. हा एकाला अकरा दिवस लावतो. मी बत्तीस वर्षं पत्रे जोडले. कष्टाला मी कधी नाही म्हटलं नाही. पण जिथं घाम लागतच नाही, तिथं तो ओढूनताणून कशाला गाळायचा?

एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला.

"दाजी, यान डावीकडे ओढतंय. चारला गिऱ्हाईक येतंय. लगेच या."

गेलो. बंद करून घेतलेली गॅलरी, शिलाई मशीनचं जुनं टेबल, त्यावर कॉम्प्युटर. मायक्रॉनचा चेहरा पडलेला. त्याची बायको दारातूनच म्हणाली, "एवढी जहाजं बांधली, एकदा त्यात बसून बाजारातून कांदे आणा म्हणावं."

"तू गप गं जरा," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "उशीर झाला म्हणून दोन यानं आधीच परत आलीत. तिसरं परत आलं की गाळा बंद. तीन वर्षं लागली दाजी, तो मिळवायला."

"पंख मोजलेस?"

"दहादा."

"कशानं?"

त्यानं खिशातून व्हर्नियर काढला आणि कॉम्प्युटरच्या काचेवर टेकवला. मी बघतच राहिलो. लोखंडी दांड्याची जाडी मोजायचं ते हत्यार. हा त्याच हत्यारानं चित्र मोजत होता.

"अरे शहाण्या, माउसचं चाक फिरलं की चित्र लहानमोठं होतं ना?"

"मी फिरवतच नाही."

"टेबल मी पुसते," त्याची बायको म्हणाली. "रोज सकाळी. माउससकट."

मी एकेक पत्रा मोजायला घेतला. डाव्या पंखात एकसष्ट, उजव्यात साठ.

"पंख मुळापासून उघडावा लागेल," मायक्रॉन म्हणाला. "आत नळ्या आहेत. दोन दिवस."

"दोन दिवस कशाला? उजवा पंख काढून टाक आणि बटण दाब."

"नाही."

"दाब रे बाबा!"

"पाटीवर काय लिहिलंय, दाजी?"

बरोबर चारला गिऱ्हाईक आलं. माल वाहणाऱ्या टोळीची म्होरकी. कॉम्प्युटरमधून तिचा आवाज आला, "झालं का, काका?"

"नाही. उजवा पंख एका पत्र्यानं कमी आहे."

"मग बटण दाबा ना. थांबते मी पाच मिनिटं."

"पाटी खोटी ठरेल."

"काका, मला पाटी उडवायची नाही, यान उडवायचंय!"

पोरगी बरोबर बोलत होती. मी मान डोलावली, पण ती तिला कुठून दिसणार?

"दोन दिवस द्या," मायक्रॉन म्हणाला.

"उद्या सकाळी आमची फेरी आहे. माफ करा." ती गेली. थोड्याच वेळात पाटीवर आडवी पट्टी आली: गाळा बंद.

मला वाटलं, आता हा रडेल. त्यानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही पत्रे मोजत राहा, मी उघडतो."

"कोणासाठी? गिऱ्हाईक गेलं, गाळा गेला!"

"म्हणून काय वाकडं ठेवू?"

कपाळावर हात मारला आणि बसलो पत्रे मोजत. मंगळवारी दुपारी यान सरळ उडालं. बघायला आम्ही तिघंच.

गाळा परत हवा असेल तर लहान वीस यानं विकून दाखवावी लागतात. पहिलं परवा पुरं झालं. बटण अजूनही दाबत नाही. मी एवढंच केलं, माउसच्या चाकावर चिकटपट्टी लावली. आणि रोज सकाळी दहाला जाऊन पत्रे मोजतो. डावीकडे सव्वीस, उजवीकडे सव्वीस. व्हर्नियर मी माझ्या घरी आणून ठेवलाय. तो मागतो. देत नाही.