आपोआप उतरणारे भाव

चूक माझीच होती. आठवडी बाजार भरणाऱ्या आमच्या खेड्यात, गोरेगावात, माझ्या कापडाच्या दुकानात सवलतीचे भाव संगणकावर आपोआप लागावेत म्हणून मी बाजाराच्या दिवसाची वेळ भरली, आणि रात्रीच्या बाराऐवजी दुपारचे बारा टाकले.

दुकानात आमचे एक जुने विक्रेते आहेत; ते भाव कधी चिठ्ठीवरून वाचत नाहीत, तोंडाने सांगतात. तेही गुपित असल्यासारखं, तोंडाशी हात धरून. आठ दिवस ते बायांना सांगत होते, "मावशी, बाजाराला या. चादरी निम्म्यावर येऊन राहिल्या."

बाजाराच्या सकाळी जवळच्या साखरा गावची मावशी आली. बिलात पूर्ण भाव निघाला.

"काहून खोटं सांगता ओ? जीपचं भाडं घालून आले मी."

विक्रेत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मशीन चुकत नाही मावशी. हेच काहीतरी चुकीचं बोलले असतील."

मावशी निघून गेली. बाराला भाव उतरले, तेव्हा सकाळची गिऱ्हाइकं निघून गेली होती. विक्रेत्यांनी एक चादर मावशीसाठी बाजूला काढली आणि ते मला म्हणाले,

"मालक, मशीन जेवून आलं वाटतं."

पुढच्या बाजाराला मावशी तोंड फिरवून चालली होती. मी पायरी उतरून तिला थांबवलं.

"मावशी, वेळ मी चुकीची टाकली होती. हे खरं बोलत होते."

मग मी दारात उभ्या विक्रेत्यांकडे वळलो. "खात्री न करता चारचौघांत तुम्हाला खोटं पाडलं मी. माफ करा."