कूलर बंद करणारी उर्वशी

मे महिन्यात पांढरकवड्यात कोणाच्या घरचा चालू कूलर बंद करून दाखवा बरं. माणूस जेवणाचं ताट सोडंल, कूलरची हवा सोडणार नाही. आमची उर्वशी मात्र परक्याच्या घरात जाऊन तो बंद करते, अन् वरून ठसक्यात करते.

मी विमल. हायवेवर माही खानावळ आहे, अन् वरच्या खोलीत ही पोट्टी भाड्यानं राहते. मूळची राजूरची, बाप कोळशाच्या खाणीत कामाले. यवतमाळात एसी-फ्रिजचा डिप्लोमा केला अन् इथं दुकान टाकलं. दुसरे मेकॅनिक आल्याबरोबर पाने काढतात अन् गॅस भरून मोकळे होतात. ही आधी दोन थर्मामीटर लटकवते, एक कोरडं अन् एक ओल्या चिंधीचं, अन् चुपचाप बसते. लोकायले वाटते, पोरीले काम येत नाही. "गॅस संपला असंल," कोणी म्हणालं, की ही म्हणते, "गॅस काय पेट्रोल आहे का, संपाले?" तोंडाची फटकळ आहे. माह्यासारखीच, म्हणून आमचं जमते.

आता गोविंदाचं सांगते. हा माह्या शेजारचा, हैदराबादकडे ट्रक घेऊन जायचा. मागच्या साली ट्रक पलटला अन् मानेचं हाड मोडलं. मानेखाली अंग हलत नाही, अन् घामही येत नाही. घाम नाही म्हणजे खोली तापली की हाही तापते. म्हणून त्याच्या बायकोनं, नलूनं, खोलीत एसी बसवला. एका दुपारी एसी चालू असून खोली तिसाच्या खाली उतरेना, अन् गोविंदाचा ताप चढत चालला. डॉक्टर फोनवर म्हणाले, संध्याकाळपर्यंत खोली पंचविसावर आणा, नाही तं नागपूरले भरती करा. बाहेर पंचेचाळीस होतं. असल्या उन्हात त्याले गाडीत टाकून नागपूर गाठायचं, या विचारानं घाबरून नलू माह्याकडं धावत आली. मी उर्वशीले दुकानातून ओढतच नेलं.

खोलीत पाय ठेवला अन् मले तं बरंच वाटलं. एसी चालू, समोर पाण्यानं भरलेला कूलर चालू, दारावर वाळ्याचा ओला पडदा. आमच्याकडं हेच आहे, जितकं पाणी तितकी थंडाई. नलूनं जीव ओतून केलं होतं सगळं. उर्वशीचं तोंड आंबट झालं.

तिनं थर्मामीटर लटकवले. कोरड्यात तीस, ओल्यात सत्तावीस.

"ताई, दोघांत तीनचाच फरक, म्हणजे हवा चिंब आहे," ती म्हणाली. मंग तिनं हवेचा तक्ता पलंगावर पसरला. नुसत्या रेघाच रेघा. तीस अन् सत्तावीसच्या रेघा जिथं भेटतात तिथं बोट ठेवलं, तं त्या हवेत एकंदर किती उष्णता आहे ते कळलं. त्यातून मशीन जेवढी ओढते तेवढी वजा केली अन् बोट खाली सरकवलं. "एसीतून वीसची हवा निघत असंल." एसीच्या तोंडाले थर्मामीटर लावलं, वीसच निघाली.

"मशीन चांगलं आहे. मरमर काम करून राह्यलं बिचारं. पण त्याचं अर्ध्याहून जास्त बळ आतल्या थंड जाळीवर तुमच्या कूलरचं पाणी पिळण्यात जाते. बाहेर पाहा." बाहेर एसीच्या नळीखालची बादली खरंच भरून वाहत होती. "कूलर उघड्या खिडकीत चांगला. बंद खोलीत एसीसोबत लावला की दोघं भांडतात."

तिनं पुन्हा तक्त्यावर बोट फिरवलं. "कूलर बंद करा, पडदा काढा. ओलं थर्मामीटर एकोणिसावर आलं की याच एसीतून बाराची हवा निघंल."

"अन् नाही निघाली तं?" नलूनं विचारलं.

"निघंल."

मले असा राग आला! अवं, तिचा नवरा तापानं फणफणला, थोडं तं गोड बोल. पण हिनं बटण दाबलंही, अन् पडदा काढून अंगणात टाकला.

वारा थांबला तशी खोली कोंदट झाली. नलूनं गोविंदाच्या कपाळाले हात लावला अन् धावली कूलरकडं. मीही म्हणाली नसती असं नाही, माह्या तोंडावर आलंच होतं, लाव पोरी, लाव.

"नले, थांब," गोविंदा पलंगावरून बोलला. "इंजिन तापलं तं मी काटा पाहायचो. घाबरून काहीबाही बटणं नाही दाबायचो. तिनं काटा सांगितला ना? मंग पाहू दे."

नलू तिथंच, कूलरच्या बाजूले, खाली बसली. उर्वशी थर्मामीटरसमोरून हलली नाही. ओल्याचा पारा उतरत गेला, बाहेर बादलीत पडणारी धार बारीक झाली. एसीच्या तोंडाशी अठरा झालं, पंधरा झालं, मंग बारा. उर्वशीनं नलूले बोलावून ते दाखवलं. चहाच्या वेळेपर्यंत खोली पंचविसावर आली. ताप उतरत चालला. डॉक्टर म्हणाले, आता नागपूरची गरज नाही.

तेवढ्यात गोविंदा मान इकडंतिकडं करू लागला. नलूचा चेहरा पुन्हा उतरला. "काहून? काय होते?"

"काही नाही वो," तो म्हणाला. "मानेवर काही टाक. थंडी वाजून राह्यली."

नलूनं माळ्यावरून हिवाळ्याची वाकळ काढली, त्याच्या गळ्यापर्यंत ओढली, अन् मंग त्याच वाकळीत तोंड खुपसून रडली.