रेहानच्या कबरीची दिशा

धुळ्याचे असलमभाई यंत्रमागावर काम करीत आणि मोहल्ल्यात कुणी वारले की सवाबाचे, पुण्याचे काम म्हणून कबर खोदायला जात. कबर उत्तर-दक्षिण, मयताचे डोके उत्तरेला, चेहरा पश्चिमेकडे, नमाजाच्या दिशेला, म्हणजे किब्ल्याकडे. याहून वेगळी कबर त्यांनी कधी खोदली नव्हती आणि पाहिलीही नव्हती.

युक्रेनमध्ये डॉक्टरी शिकायला गेलेला त्यांचा मुलगा रेहान युद्ध सुरू झाल्यावर परतला नाही. तेथील एका मदतपथकात तो जखमींना वाहून नेऊ लागला. तोफगोळ्याने तो गेला, शव आणणे शक्य नाही, मुस्लिम रिवाजाने दफन केले आहे, असे पथकाने कळवले आणि कबरीचा व्हिडिओ पाठवला. त्यात मावळता सूर्य डोक्याकडच्या पाटीच्या मागे होता आणि पाटीची सावली कबरीच्या पायांकडच्या टोकापर्यंत सरळ पडली होती. म्हणजे कबर पूर्व-पश्चिम! मुसलमानाची कबर अशी कशी असेल? एकतर रेहानला कसेबसे पुरले होते, नाहीतर खाली दुसराच कुणी होता. रेहान कुठेतरी जिवंत असेल म्हणून असलमभाई दुसरी शक्यता धरून बसले. रेहानच्या नावाने फातिहा पढायला त्यांनी नकार दिला. सांत्वनाला येणाऱ्यांकडेही ते, याला कुणी पाठवले असेल, अशा नजरेने पाहू लागले. संशय माणसाला सावध करतो हे खरे, पण कधी तो आधार होऊन बसतो. आणि अशा संशयाला मग कुणीतरी गुन्हेगार लागतो.

तो त्यांना शिंदखेड्याच्या धर्मेंद्रमध्ये सापडला. धर्मेंद्र रेहानचा वर्गमित्र आणि त्याच पथकातला. मायदेशी आल्यावर तो आधी त्यांच्या घरी आला, तर असलमभाईंनी पाणीही विचारले नाही.

"एकाच गाडीवर होतात ना? मग तू कसा आलास?"

"त्या फेरीला मी नव्हतो, चाचा."

"अस्सं! आणि दफनाला बरा होतास?"

"होतो. कबरीत मीच उतरलो."

"तू? तुला काय कळतं त्यातलं? डोकं कुठे केलंस?"

"इमामसाहेबांनी सांगितलं तिकडे."

"आडवी कबर खोदणारा कसला रे इमाम? खरं बोल. माझ्या पोराला कुठे टाकून पळालास?"

धर्मेंद्र जायला उठला. इतक्यात चुलीपाशी असलेल्या असलमभाईंच्या पत्नी जरीना पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या.

"बस, बेटा. आणि तुम्ही त्याच्यावर आळ घेऊ नका. मक्का आपल्या पश्चिमेला, कारण आपण तिच्या पूर्वेला राहतो. रेहान तिच्या उत्तरेला होता. तिथून मक्का दक्षिणेकडे येते. चेहरा दक्षिणेला, म्हणून कबर पूर्व-पश्चिम. कबर बरोबर आहे."

असलमभाई जरीनाकडे वळले. "तुला कधी कळलं?"

"व्हिडिओ आला त्याच दिवशी. नकाशात पाहिलं."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्हाला ती शंका हवी होती. मलाही हवी होती. पण आता ती या पोराच्या गळ्यात घालायला निघालात."

असलमभाईंनी धर्मेंद्रला विचारले, "माती कडक होती?"

"वरची गोठलेली होती, चाचा. खाली मऊ लागली."

असलमभाईंनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.