करकरे सकाळी कुठे बसतात

परवा आमच्या हसनाबादच्या चावडीसमोर एक गंमत झाली. आज ती सांगताना हसू येतंय... पण त्याआधी एक अख्खी रात्र माझ्या डोळ्याला डोळा नव्हता.

माघ सरत आला की मी आणि गफूरभाई रोज पहाटे गिरजा नदीच्या काठावर जातो. गफूरभाई गावातले दर्जी, माझ्याच वयाचे. वाळूवर करकोचे उतरलेले असतात, ते बाभळीखाली बसून पाहायचे, एवढाच आमचा उद्योग. वीसेक वर्षं चाललाय. आमची मंडळी म्हणते, "पन्नाशी आली, अजून पाखरामागं हिंडून राह्यले." पण पहाटे भाकरी तीच बांधून देते, आणि घरी आल्यावर आज किती होते हेही तीच विचारते.

राखाडी अंग, काळी लांब मान, कानामागे पांढऱ्या पिसांचा तुरा... फार शांत पाखरू. थंडीत लांबून कुठून तरी येतात. पळस फुलला की एके दिवशी खूप उंच चढतात आणि उत्तरेला निघून जातात. या दिवसांत रोज वाटतं, आज शेवटचं दर्शन.

यंदा गावात हैदराबादकडचे एक साहेब पाहुणे आले. मोटार, बंदूक, शिकारीचा शौक. माणूस मोठा अदबशीर. पण त्यांना हवे होते करकोचे, आणि गावात जो तो त्यांना सांगू लागला की पाखरांचं विचारायचं तर पाटलांना विचारा... म्हणजे मला.

मी माळकरी माणूस. गळ्यात माळ घातल्यापासून जाणूनबुजून खोटं बोललो नाही. गफूरभाईंना हे ठाऊक. शिलाई थांबवून ते म्हणाले, "मंग, विचारलं तर सांगनार?"

"सांगावं लागंल."

"दोन दिवस भोकरदनला जा की पोरीकडं."

"कशाला आला म्हनून पोरगी विचारंल. तिला काय सांगू?"

गफूरभाईंनी सुईत दोरा ओवला. मग म्हणाले, "पाटील, तुमची माळ आपल्या पाखरांच्या गळ्याला फास होऊन राह्यली बघा."

संध्याकाळी दिवा लावला तरी देवापुढे धड उभं राहवेना. माळ राखावी की पाखरं... हे कुणाला विचारणार?

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला साहेब दारात. मी खाट टाकली, पाणी दिलं. साहेबांनी विचारलं, "पाटील, ये करकरे सुबह में किधर बैठते हैं?"

निजामाच्या राज्यात जन्म गेला, पण माझं शिक्षण गावच्या शाळेतल्या चार मराठी बुकांचं. उर्दू कामापुरतीच येते. तरी हा प्रश्न मला नीट कळला, आणि जिवात जीव आला... त्यांना आमचे करकरे हवे होते. करकरे अर्जनवीस. कानावर कलम खोचून चावडीसमोर पिंपळाच्या पारावर बसतात, लोकांचे अर्ज लिहून देतात. साहेबांचं काही कागदाचं काम असेल.

"चावडी के सामने, पार पे. बराबर सूरज निकलते बैठते," मी म्हणालो.

"लंबी गर्दनवाले, वही ना?"

"बिलकुल वही." करकऱ्यांची मान खरंच लांब आहे.

"आदमी को देखके भागते तो नहीं?"

"न्हाई साब. उलटा पास बुलाते."

साहेबांनी जरा माझ्याकडे पाहिलं... माझी भाषाच तशी, असं समजले असावेत. आभार मानून गेले. त्या रात्री मी पोटभर झोपलो.

पहाटे नदीवर हे गफूरभाईंना सांगितलं. समोर वाळूवर करकोचे उभे होते, एक पाय पोटाशी घेऊन. गफूरभाईंनी भाकरी खाली ठेवली आणि तोंडावर उपरणं दाबून ते गदागदा हसू लागले. पाखरं उडू नयेत म्हणून.

"अवो पाटील, करकोच्यालाच उर्दूत करकरा म्हनतेत. आन पार म्हंजे पलीकडं. तुम्ही त्यांना चावडीच्या पलीकडं धाडलं."

"मंग तुम्ही आजवर बोलले का न्हाई?"

"तुमच्यासंगं मी मराठीच बोलतो की. त्यात बिचारे करकरे... कानावर कलम तर दोघांच्याही हाय."

इकडे साहेब बंदूक घेऊन चावडीमागची सगळी ढेकळं तुडवून आले होते. शेवटी पारावरच्या माणसाला त्यांनी विचारलं, "करकरे कहाँ हैं?" करकरे बंदूक बघून हात जोडून उठले. म्हणाले, "मैंच करकरे, हुजूर."

उलगडा झाल्यावर साहेब पारावरच बसले म्हणे. करकऱ्यांनी चहा मागवला, आणि एकदा बोलायला लागले की ते कुणाला उठू देत नाहीत. तोवर ऊन चढलं, करकोचे वाळूवरून उठून हरभऱ्याच्या रानात पांगले. दुपारी साहेबांना जालन्याला पोचायचं होतं. जाताना ते करकऱ्यांजवळ निरोप ठेवून गेले... "पाटील को बोलना, करकरे बहुत अच्छे निकले." करकरे हा निरोप सध्या सगळ्या गावाला सांगतायत.

मी साहेबांना फसवलं नाही. पण शब्द कळला असता तर मी खरी जागा दाखवली असती, हेही तितकंच खरं... ते मनातून जात नाही. आणि आता तो शब्द मला कळलाय.

काल करकोचे गेले. गफूरभाई आणि मी माना वर करून ठिपके दिसेनासे होईपर्यंत उभे होतो. पुढच्या थंडीत ते येतीलच, बंदुकवालाही कुणी येईल. तेव्हा मी काय करीन, मला माहीत नाही. आता दिवा लावताना देवाकडे एवढंच मागतो... मला कुणी विचारू नये.