नाळीतले बावीस स्क्रू

शिडीवरून पडून मिस्त्रींचा गुडघा कामातून गेला, तेव्हा त्यांना छपरांचे पत्रे बसवायला लागून पंचवीस वर्षं झाली होती. महिनाभर ते खिडकीत बसून समोरच्या छपरांतल्या चुका काढत राहिले. शेवटी बायको म्हणाली, "तोंड शाबूत आहे ना तुमचं? मग मी वर चढते, तुम्ही खालून बोला." इतकी वर्षं त्यांना खालून सामान तीच देत आली होती. आता फक्त जागा बदलल्या.

पहिलं मोठं काम दवाखान्याच्या दोन नव्या खोल्यांचं. जोडीला एक फिटर घेतला. त्याचा हात भलताच भरभर चालायचा. दुपारी मिस्त्रींच्या बाईने वर जाऊन पाहिलं, तर स्क्रूची जी अख्खी ओळ पत्र्याच्या उंचवट्यावर असायला हवी, ती दोन उंचवट्यांमधल्या नाळीत होती.

"नाळीत मारलेत," ती वरून म्हणाली. "बावीस."

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. "पाणी कुठून वाहतं, विचार त्याला."

"नाळीतून," फिटर म्हणाला. "पण तिथे स्क्रू पक्का बसतो. वरून सिलिकॉन लावलं की झालं. दहा वर्षं असंच करतोय."

"त्या घरांचे पत्ते दे," मिस्त्री म्हणाले. "आम्हाला कामं मिळतील."

फिटर त्याच पावली निघून गेला. बाईने चार पत्रे उतरवले. डॉक्टर बाहेर आले. "भोकं बुजवता येणार नाहीत?"

"येतील की," मिस्त्री म्हणाले. "पण उन्हाने पत्रा पसरतो, गारव्याने आकसतो. वर्षभरात सिलिकॉन सुटेल आणि पेशंटच्या अंगावर पाणी पडेल. तुम्ही औषध तरी द्याल, मी काय देऊ?"

डॉक्टरांनी नवे पत्रे आणायला सांगितलं. बाईने उरलेली दुपार दात-ओठ खात एकटीने काम केलं. प्रत्येक स्क्रू उंचवट्यावर, खाली रबराची चकती, म्हणजे वायसर.

पुढच्या महिन्यात जोराचा पाऊस झाला आणि डॉक्टरांचा फोन आला. तपासणीच्या टेबलावर थेंब पडत होता. बाई वर चढली. तिथला स्क्रू जागेवरच होता, पण वायसर चिरडून बाहेर आला होता.

"माल खराब निघाला का?" डॉक्टरांनी विचारलं.

मिस्त्री काहीतरी बोलणार होते. बाईच आधी बोलली. "माल चांगला होता. मीच जास्त आवळला. रबर जरा फुगलं की थांबायचं असतं. त्या दिवशी डोकं तापलं होतं माझं."

मग तिने त्या दुपारचे सगळे स्क्रू एकेक करून तपासले. आणखी पाच तसेच निघाले. ते बदलेपर्यंत डॉक्टर व्हरांड्यात पेशंट तपासत होते. मिस्त्री खालून एक शब्दही बोलले नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं बाई सांगते.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी आपल्या घराचं छप्परही त्यांनाच दिलं. अट एकच घातली: काम संपेपर्यंत बाईंचं डोकं तापू द्यायचं नाही.