ओयनिहोलमावशीचा काढा

ओयनिहोलमावशीने जन्मभर दुसऱ्यांची दुखणी निस्तरली. इस्तारवशानच्या आमच्या मोहल्ल्यात कुणाचं हाड मोडो, कुणाला कळा येवोत, ही खसखशीच्या सुक्या बोंडांचा, म्हणजे अफूचाच, काढा घेऊन हजर. ती खसखस द्राक्षवेलीमागे चोरून लावलेली. पोलिसाची आईसुद्धा तिचंच गिऱ्हाईक, मग पकडणार कोण? स्वतःची बाळंतपणं मात्र तिने दात आवळून काढली. आमच्यात सून सासूदेखत दुखतंय म्हणत नाही. म्हटलं तर मरेपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

तिच्या धाकटीचं, झरनिगोरचं, सिझर झालं. त्या वॉर्डात मी नर्स. मणक्यात भूल देताना डॉक्टरांनी त्यातच थोडं मॉर्फिन, अफूपासूनच बनणारं औषध, घातलं होतं. त्याने जवळजवळ दिवसभर टाके दुखत नाहीत. अंग खाजतं, आणि श्वासावर लक्ष ठेवावं लागतं. मावशीला मी हे सगळं समजावलं. तिने मान डोलावली, पण पटलं काही नव्हतं.

"दुखतंय का गं?" तिने लेकीला विचारलं.

"नाही आई. नुसतं नाक खाजतंय."

पायथ्याशी सासू बसलेली. ती म्हणाली, "आमच्या वेळी नव्हते हो असले लाड. दुसऱ्या दिवशी तंदूर पेटवला मी."

मावशीने मला दाराशी ओढलं. "बघितलंस? त्या बयेपुढे कशी बोलेल पोर? नाक चोळून रडू लपवतेय."

"मावशी, खरंच दुखत नाहीये तिला."

"पोट फाडलंय नि दुखत नाही? तुझं ना लग्न, ना लेकरू, तुला काय कळणार!"

मला असा राग आला की मी तोंड फिरवून दुसऱ्या खाटेकडे गेले.

सासू नमाजाला उठली, तेवढ्यात मावशीने थर्मासमधला काढा लेकीला पाजला. थोड्या वेळाने बाळ रडायला लागलं, तरी झरनिगोर हलेना. ओठ निळे पडलेले, श्वास अडकत अडकत चाललेला. माझ्या हाकेसरशी डॉक्टर धावत आले.

"काय दिलंय हिला?"

सासू परतली होती, दारात माणसं जमली होती. मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "खसखशीचा काढा. मी पाजला. मला तुरुंगात घाला, पण हिला उठवा."

डॉक्टरांनी अफूवरचा उतारा टोचला आणि श्वास परत आला. पण त्या औषधाला काढ्याची गुंगी आणि मणक्यातला आराम यांतला फरक कळत नाही. दोन्ही गेले. चिरलेलं पोट एकदम जागं झालं आणि झरनिगोर सासूसमोर, परक्या पुरुषांसमोर गुरासारखी ओरडायला लागली.

मावशी भिंतीला टेकून खाली बसली होती. लेक किंचाळली की ती दुआसाठी तळवे उघडायची. "खुदाचे उपकार." पुन्हा किंकाळी, पुन्हा "खुदाचे उपकार." त्या किंकाळीत ती लेकीचा श्वास ऐकत होती, हे मला कळत होतं. झरनिगोरला कुठून कळणार? आपण तळमळतोय आणि आई उपकार मानतेय, एवढंच तिने ऐकलं. तिने मान फिरवली आणि हात सासूकडे पसरला.