घाटासाठी छोटी पुली

आमचे भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी लिफ्टमध्ये उभे राहून डोळे मिटतात. लोकांना वाटतं, ध्यान लावलंय. ते धक्का जोखत असतात. "लिफ्ट निघाली कधी आणि थांबली कधी, हे आतल्याला कळता कामा नये," हे त्यांचं तत्त्वज्ञान. ताईचं लग्न ठरल्यापासून मी ते ऐकतेय, त्यामुळे आता नुसतं ‘लिफ्ट’ म्हटलं तरी माझं डोकं उठतं.

अशा माणसाने निवृत्तीच्या तोंडावर सुपरचार्जरवाली गाडी घेतली. गाडी एवढीशी, मागे पिशवी ठेवली तर माणूस मावत नाही. पण तिच्या इंजिनाला पट्ट्यावर फिरणारा एक पंखा आहे, तो इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबतो. अॅक्सिलरेटर दाबला की बारीक शिट्टी वाजते आणि भावोजी पहिल्यांदा बाप झाल्यासारखे हसतात. त्यांना तिचा जोर आणखी वाढवायचा होता, आणि आधी काय बसवावं याचा खल जेवतानाही चालायचा.

"भावोजी, ताईला पसंत करताना एवढा विचार केला होतात का?" मी एकदा विचारलं.

"नाही ना. म्हणून तर आता करतोय."

ताई हसली. पण ती त्या गाडीत कधी बसली नव्हती. ती कुठल्याच गाडीत बसत नसे. मागे एकदा घाटात तिची टॅक्सी ट्रकला ओलांडायला गेली, निम्म्यात अडकली आणि समोरून बस आली. सगळे वाचले. ताईचा हात मोडला, तो जुळलाही. पण तेव्हापासून बाजार असो की दवाखाना, ताई पायी. माझी भाची घाटापलीकडे राहते आणि तिकडे रेल्वे जात नाही. लेकीचं घर ताईने फोटोतच पाहिलेलं. भाचीच येऊन जायची, म्हणून तो विषय कुणी काढत नसे.

मग भाचीला दिवस गेले, आणि डॉक्टरांनी बजावलं, पलंगावरून उठायचं नाही. फोनवर तिने काही मागितलं नाही. नुसतं म्हणाली, "आई, मला भीती वाटते गं." ताई फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडते.

"मग जा की," मी म्हणाले.

"जाते," ताई म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी भावोजी गॅरेजमध्ये. मीही गेले, कारण मला राहवत नाही. गॅरेजवाल्याने कौतुकाने छोटी पुली पुढे केली. पट्टा पंख्याच्या ज्या चाकावरून फिरतो ते चाक लहान केलं की पंखा वेगात फिरतो, इंजिनाला हवा जास्त, गाडीला दम जास्त. भावोजींनी ती बांगडी पारखावी तशी फिरवून पाहिली आणि परत ठेवली. "ही राहू दे. मऊ स्प्रिंगा घाल, ब्रेक चांगले बसव. आणि कितीही दाबलं तरी गाडी हळूच उचलेल असं कर." गॅरेजवाल्याने कपाळाला हात लावला. मला मात्र भरून आलं. त्या दिवशी मी भावोजींना एकही टोमणा मारला नाही.

ताई पुढे बसली, मी मागे गुडघे हनुवटीला लावून. शहर सुटेपर्यंत सगळं ठीक. घाट लागला आणि पुढे सिमेंटचा ट्रक आला. रस्ता मोकळा बघून भावोजींनी गाडी बाजूला काढली, आणि ती आपली गोडीगुलाबीने त्या ट्रकच्या कडेने सरकत राहिली. धक्का म्हणाल तर नावाला नाही. ट्रक एकदाचा मागे पडला तेव्हा ताईचे ओठ पांढरे पडले होते.

"परत फिरा," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. "एवढी मऊ गाडी करून दिली, आणखी काय, पाळणा बांधायचा तुला?" भावोजींनी हातानेच मला गप्प केलं. ते स्टूल ओढून ताईसमोर बसले आणि आम्ही कुणी इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं.

"तुला नेमकी कशाची भीती वाटते?"

ताईने सांगितलं. "धक्क्याची नाही हो. ट्रकचं चाक माझ्या खिडकीशी येतं, आणि ते संपतच नाही."

भावोजींचा चेहरा उतरला. "आणि मी तेच लांबवून ठेवलं," ते म्हणाले.

मग छोटी पुली बसली. जास्त हवा कोंबली की ती तापते, म्हणून ती थंड करायला मोठी जाळी बसली. गॅरेजवाला दणदणीत सायलेन्सरही गळ्यात मारत होता. "तो नको, तो नुसता ओरडतो," भावोजी म्हणाले. नवे ब्रेक तेवढे राहिले, मऊ स्प्रिंगा निघाल्या.

"तू ‘हं’ म्हटल्याशिवाय मी ट्रकच्या बाजूला जाणार नाही," निघताना त्यांनी ताईला सांगितलं.

घाटात खडीचा ट्रक मिळाला. आम्ही त्याच्या मागे धूळ खात राहिलो. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले. भावोजींनी घाई केली नाही, आणि मीही तोंड मिटून बसले, ज्याचं श्रेय मला कुणी देत नाही. वळण संपून समोर लांबवर रस्ता दिसला.

"हं," ताई म्हणाली आणि डोळे घट्ट मिटले.

शिट्टी वाजली, माझी पाठ सीटला चिकटली. ताईने डोळे उघडले तेव्हा समोर नुसता रस्ता होता.

"ट्रक?"

"मागे गेला."

ती मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली. तिला रडू फुटलं होतं. पुढे टँकर आला, तेव्हा तशीच रडत ती पुन्हा "हं" म्हणाली.

भाची भिंतीकडे कूस करून पडली होती. पावलं ऐकून तिला वाटलं, एकटे वडीलच आलेत. "बाबा, फार दमलात का?" म्हणत ती वळली, आणि दारात आई.

"आई? तू कशी आलीस?"

"गाडीने," ताई म्हणाली, रोजच येत असल्यासारखी, आणि तिच्या पाठीमागची उशी सारखी करायला लागली. भाचीने तिचा हात दोन्ही हातांनी धरला आणि उशी तशीच वाकडी राहिली.